मुरलेली जमीन

सुभेदारसाहेब,

तुम्ही गेल्याचं सुनंदाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसखाली, पार्किंगमध्ये उभी होते. आपली गाडी लाकडी खोक्यात बसवणं चाललं होतं. चार चाकांची ती हलकी गाडी, पोटाखाली रडारच्या पट्ट्या, दुरून चालवायची, जमिनीत पुरलेले सुरुंग शोधणारी. चार दिवसांनी ती सीमेकडे निघणार होती. तुमची मुलगी रडत नव्हती. "बाबा गेले. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच," एवढंच म्हणाली. मी "अरे देवा" म्हटलं, "येते" म्हटलं आणि फोन ठेवला.

आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

हे एक वाक्य लिहायला मला सतरा दिवस लागले. दुःख झालं, नाही असं नाही, पण ते मागून आलं. सगळ्यात आधी आलं ते हे, की आता दुसऱ्या कुणाला माहीत नाही. त्या गाडीत काय खोट आहे ते जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातले तुम्ही आता बोलणार नव्हता. मी तशीही बोलत नव्हते. ती सुटका मिनिटभरसुद्धा टिकली नाही. खोक्याला खिळे ठोकायला सुरुवात झाली आणि मी ठोके मोजत उभी राहिले. 

तुमची पलटण, तुमची पदकं, कुठल्या डोंगरात किती वर्षं काढलीत, ते तुमचे सोबती लिहितील. त्यांना ते माझ्याहून चांगलं माहीत आहे. मला कात्रजच्या पलीकडे आपण भाड्याने घेतलेल्या त्या जमिनीच्या तुकड्याबद्दल लिहायचंय. तिथे तुम्ही मला एक गोष्ट तीनदा सांगितलीत आणि मी ती तिन्ही वेळा ऐकली नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही स्कूटरवर बिबवेवाडीहून आलात, पायात पॉलिश केलेले बूट. मला वाटलं होतं खड्डे खणायला कुणीतरी पाहिजे म्हणून एक निवृत्त माणूस घेतलाय. मी तुम्हाला चपटे प्लास्टिकचे डबे दाखवले. आकार सुरुंगाचा, आत स्फोटकाऐवजी मेण. तुम्ही एक डबा दोन्ही हातांनी उचललात, कानाशी नेलात, परत ठेवलात. पुढच्या आठवड्यात मी त्यातल्याच एका डब्यावर चहाचा कप ठेवला, तर तुम्ही कप उचलून माझ्या हातात दिलात आणि डबा रुमालाने पुसलात.

"मेण आहे हो सुभेदारसाहेब."

"मला म्हाईत हाय म्याडम. माझ्या हाताला म्हाईत न्हाई. आन् त्याला सांगायचं बी न्हाई."

मी हसले. तुम्ही नाही हसलात. मग बघितलंत की मी ओशाळलेय, आणि थर्मासमधला उरलेला चहा तुम्हीच मला ओतून दिलात.

स्क्रीनवर जे दिसतं ते तुम्हाला पहिल्यांदा समजावताना मी अर्धा तास घेतला होता. रडारची लाट जमिनीत जाते, आत मातीहून वेगळं काही लागलं की परत फिरते, गाडी पुढे सरकत असते म्हणून चित्रात त्या वस्तूच्या जागी एक कमान उमटते. तुम्ही चष्मा वर सरकवून बघितलंत.

"भुवई हाय की ही. खाली कुणीतरी डोळं मिटून पडलंय आन् भुवई उडवतंय."

तेव्हापासून आपल्या टीममध्ये सगळे भुवईच म्हणायला लागले. नवीन मुलंमुली रुजू झाली की त्यांना वाटायचं हा पुस्तकातलाच शब्द आहे. दगडाची भुवई, मुळीची भुवई, डब्याची भुवई. हजारो चित्रं दाखवून मी प्रोग्रॅमला शिकवत होते, यातली कुठली सुरुंगाची ते ओळख. ओळखलं की तेवढी जागा त्याने लाल करायची.

आता चूक. ती मी सरळ लिहिते, कारण आजवर ती मी कुठेच सरळ लिहिलेली नाही.

प्रोग्रॅमने जागा पाठ करू नयेत म्हणून दर चाचणीला डबे नव्या ठिकाणी पुरायचे, हा नियम मी घातला होता. मला त्याचा अभिमान होता. सकाळी तुम्ही खणायचात, डबा ठेवून माती दाबायचात, वरून खराटा असा फिरवायचात की मलासुद्धा जागा सांगता यायची नाही. दुपारी गाडी फिरायची. म्हणजे जिथे डबा, तिथे सकाळीच हललेली माती. जिथे डबा नाही, तिथली माती कित्येक वर्षं जागची हललेली नाही. ताजी उकरलेली माती सैल असते, तिच्यात हवा असते, तिची ओल निराळी असते. रडारला ती मेणाच्या डब्याहून ठळक दिसते. प्रोग्रॅम बिचारा सोपं असेल तेच शिकतो. त्याने सुरुंग शिकलाच नाही. त्याने खड्डा शिकला.

तुम्हाला हे कधी कळलं? मला वाटतं, मी कळू दिलं त्याच्या कितीतरी आधी. एका दुपारी गाडीने एक जागा लाल केली आणि तुम्ही मान हलवलीत. "हितं काय न्हाई. सकाळी खणलं, दगड लागला, तसंच बुजवून पल्याड सरकलो." मी तक्त्यात 'चुकीचा इशारा' असं लिहिलं आणि पुढे गेले. एक-दोन चुकीचे इशारे कुठल्याही यंत्रात असतात. असं मी म्हटलं.

मग जेवणाच्या सुट्टीत तुम्ही भाकरीचा घास हातात धरून म्हणालात, "म्याडम, ही गाडी पुण्याच्या रस्त्यावर फिरवा एकदा. केबलवाले, पाइपवाले, ड्रेनेजवाले. समदं शहर लाल दिसंल."

सगळे खो खो हसले. मीसुद्धा. संध्याकाळी कात्रज चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते, बाजूला रस्ता खणून ठेवलेला, आणि तुमचं वाक्य परत आठवून एकटीच हसले. तुम्ही विनोद केला नव्हतात. तुम्ही माझ्या पदाचा मान राखून, चारचौघांत मला न दुखवता, माझी चूक माझ्या पुढ्यात ठेवली होती. त्याहून सौम्यपणे ती कुणालाही सांगता आली नसती.

तिसऱ्या वेळी मात्र तुम्ही सौम्य राहिला नाहीत.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारची चाचणी झाली होती, टीम सामान आवरत होती, आणि तुम्ही म्हणालात, "म्याडम, बाभळीकडच्या कोपऱ्यातनं एक फेरी मारा." मी विचारलं तिकडे काय आहे. "मारा तर." गाडी गेली, आली. एकही लाल ठिपका नाही. "काही नाहीये तिथे," मी म्हटलं. तुम्ही त्या कोपऱ्यात उकिडवे बसलात, तुमच्या बारीक सळईने जमीन तिरकी टोचत गेलात, वाळलं गवत उपटलंत आणि एक डबा वर काढलात. त्याला पांढऱ्या मुळ्यांनी असं गुंडाळलं होतं की तो डबा आहे हे कळायला वेळ लागला.

"आसं तीन हायती. पाऊस सुरू व्हायच्या आधी पुरल्यात. अख्खा पावसाळा खाऊ दिलाय त्यास्नी."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर तुमी तक्त्यात लिवलं आसतं." मग डबा माझ्यापुढे धरून म्हणालात, "नवा सुरुंग घावतो म्याडम. माती बोलती. जुना घावत न्हाई. त्यो जमीनच झाल्याला असतो. आन् तिकडं समदं जुनंच हायती."

मी लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅमने चाळायच्या आधीचं, रडारचं कच्चं चित्र काढलं. आणि तिथे भुवया होत्या, सुभेदारसाहेब. तीन. पुसट, पण होत्या. रडारला दिसल्या होत्या, मला दिसत होत्या, माझ्या खांद्यावरून तुम्हाला दिसत होत्या. फक्त मी आठ वर्षं ज्याला शिकवलं त्याला दिसत नव्हत्या.

तुम्ही बोट ठेवलंत. "ह्या काय मंग?"

"पुसट आहेत. निकषात बसत नाहीत."

आणि मी त्या फेरीपुढे शेरा लिहिला. जमिनीत ओल, चाचणी ग्राह्य नाही. कित्येक आठवडे पावसाचा थेंब नव्हता. मी इंग्रजीत लिहिलं, का कुणास ठाऊक, तुम्हाला वाचता येणार नाही असं मला वाटलं असावं. तुम्ही वाचलंत.

"कोरडं ठणठणीत हाय की."

"लिहिण्याची एक पद्धत असते, सुभेदारसाहेब."

हे मी म्हटलं. माझ्याच तोंडाने. यावर तुम्ही काही बोलला असतात तर आपण भांडलो असतो, आणि कदाचित त्या भांडणात काहीतरी वाचलं असतं. तुम्ही डब्यावरच्या मुळ्या एकेक करून सोडवत बसलात.

काय करायला हवं होतं ते मला त्याच क्षणी माहीत होतं. डबे पुरून एखाद-दोन पावसाळे मुरू द्यायचे. शेजारी रिकामे खड्डेही खणून बुजवायचे, म्हणजे प्रोग्रॅमला खड्ड्याचा आधार राहणार नाही. मग पहिल्यापासून शिकवायचं. एक-दोन वर्षांचं काम. गाडी तयार असल्याचा अहवाल तीन महिन्यांवर होता. मी स्वतःला सांगत आले की टीममधल्या मुलांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. खोटं नाही ते. पण खरं कारण त्याहून पुष्कळ लहान आहे. पंचवीस वर्षं हेच काम केलेली मी, आणि माझी चूक खड्डे खणायला ठेवलेल्या माणसाला आधी दिसावी, याची मला लाज वाटली. बस, एवढंच. अशा लाजेपायी कुणाचा तरी पाय जाऊ शकतो, हे मला कळत होतं आणि तरी वाटत होती.

फेब्रुवारीत गाडीचं प्रात्यक्षिक बघायला पाहुणे आले. मांडव, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. गाडीने सकाळी पुरलेला एकेक डबा दुपारी अचूक लाल केला. टाळ्या पडल्या. आणि आपल्या संचालकांना सुचलं, तुम्हाला विचारलंही नाही, "आता आमचे सुभेदारसाहेब गाडीच्या मागून चालून दाखवतील. स्वतः सुरुंग काढलेत त्यांनी."

तुम्ही जागचे हलला नाहीत.

"न्हाई चालणार."

"अहो, नुसतं चालायचंय."

"गाडीनं सांगितलंय म्हणून चालायचं आसंल तर न्हाई चालणार. डबं कुठं हायती ते मला पाठ हाय, तसं चाल म्हणा, चालतो."

पाहुणे हसले. संचालकांनी माझ्याकडे बघितलं. आणि मला त्या मांडवात एकच दिसत होतं, की तुम्ही आता बाभळीचा कोपरा सांगणार. म्हणून तुमच्याआधी मी बोलले. आवाज अगदी गोड ठेवून.

"सुभेदारसाहेब, मेणाने अजून कुणी मेलेलं ऐकिवात नाही."

आणखी मोठा हशा झाला. अशी वाक्यं मला सहज येतात, या शहरात वाढलेय. तुम्ही माझ्याकडे वळलात. रागाने नाही. माझ्या चेहऱ्यावर काय आहे ते वाचत होतात.

"व्हय म्याडम," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर आपुन समदी जिती हावो हितं."

आणि बूट काढून, धूळ झटकून, परत घातलेत आणि स्कूटरकडे गेलात. बाभळीचं नाव काढलं नाहीत. तुम्ही मला वाचवलंत असं मी बरेच दिवस समजत होते. आता वाटतं, तुम्ही मला वेळ दिला होतात. मी स्वतःहून सांगेन म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला येऊ नका म्हणून ऑफिसने कळवलं. ते मला मीटिंगमध्ये सांगितलं गेलं आणि मी मान डोलावली. नंतर तीनदा तुमचा फोन आला. मी फोन हातात धरून वाजू दिला. एकदा उलट मेसेज केला, 'मीटिंगमध्ये आहे'. तेव्हा मी घरी भाजी निवडत होते.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी "येते" म्हटलं होतं, आणि गेले थेट तेराव्याला. खालच्या पडदे शिवण्याच्या दुकानाचं शिलाई मशीन जिन्यात ऐकू येत होतं. मी सुनंदाच्या मागे बसायला बघत होते, पण तिच्या आईने, काकूंनी, मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

"तुमचं लई नाव घ्यायचे. म्याडम आसं, म्याडम तसं. गुडघं धरलं म्हणून सोडलं, न्हाई तर शेवटपत्तूर गेले आसते."

गुडघे. घरी तुम्ही गुडघे सांगितलेत. तुम्हाला काढलं हे सांगितलं नाहीत, मी चारचौघांत काय बोलले ते सांगितलं नाहीत. सात महिने त्या घरात माझं नाव स्वच्छ ठेवलंत. मी मान वर करू शकेना.

"आन् ते मशीन?" काकूंनी विचारलं. "गेलं का तिकडं?"

"गेलं काकू. नऊ दिवस झाले."

"चला." त्यांनी तुमच्या फोटोकडे बघून हात जोडले. "आता कुणाच्या पोराचा पाय जायचा न्हाई. एवढंच म्हणायचे बगा. दुसरं काय म्हणायचे न्हाईत." आणि वाढणाऱ्या सुनंदाला म्हणाल्या, "म्याडमला आणखी एक पुरी वाढ."

मी ती खाल्ली. अख्खी खाल्ली.

 त्या संध्याकाळपासून मला जमिनीची भीती बसली, सुभेदारसाहेब, आणि मी हे शोभेसाठी लिहीत नाही. सोसायटीच्या हिरवळीवरून मला चालवत नाही, फरशीफरशीने जाते. ऑफिसच्या बससाठी उभी असताना खणलेल्या फुटपाथवर लोक बेफिकीर पाय टाकतात तेव्हा मी मान फिरवते. फोन वाजला की आधी कोड बघते, कुठला आहे. कारण तिकडे काय होणार ते मला चित्रासारखं दिसत होतं. गाडी पुढे जाईल. कुठेतरी लाल खूण देईल. खूण तपासायला माणसं जातील. त्या खुणेपर्यंत पोचायला मधल्या जमिनीवरून चालावं लागेल, जी लाल झाली नाही त्या जमिनीवरून. माझ्या शब्दावर. लाल असेल तिथे काही नसेल. आणि जिथून ते निर्धास्त चालतील तिथे मुळ्यांनी गुंडाळलेलं, गवताखाली, शांत पडलेलं असेल.

चौदाव्या दिवशी मी संचालकांकडे गेले. सगळं सांगितलं, बाभळीसकट. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"ट्रायल म्हणजे ट्रायल हो. चुकली तर रिपोर्ट येईलच."

मी "बरोबर आहे" म्हटलं आणि बाहेर आले. तो रिपोर्ट कोण लिहिणार, पाय गेलेला माणूस का, हे मला लिफ्टमध्ये सुचलं. तुमच्यासमोर जी जीभ इतकी चालली ती त्या खोलीत हलली नाही. मग दोन दिवस नुसते गेले. सोळाव्या दिवशी तिकडे ट्रायल सुरू झाल्याचा मेल आला. मेलखाली सगळ्यांनी अंगठे वर केले होते. मीसुद्धा केला. सवयीने. केल्यावर हाताकडे बघत बसले.

तुमच्या हाताला माहीत नव्हतं आणि तुम्ही त्याला सांगतही नव्हतात. माझ्या हाताला सगळं माहीत होतं.

काल सकाळी, सतराव्या दिवशी, वाकडच्या अलीकडे मी माझी गाडी सर्व्हिस रोडला लावली आणि पाठवणीच्या कागदांवरून नंबर काढून तिकडच्या मेजरना फोन केला. दोनदा चुकीचा नंबर लागला. मेजर मराठी निघाले, सोलापूरकडचे. मी कोण ते सांगितलं आणि एका दमात म्हटलं, "आमची गाडी जुने सुरुंग बघत नाही. ताजी उकरलेली माती बघते. चूक माझी आहे. तिच्या भरवशावर कुणी चालू नये."



"काल दोन खुणा दिल्या तिने," ते म्हणाले. "दोन्हीकडे हाताने उकरून बघितलं. काही नव्हतं. साळिंदराने माती उकरून ठेवली होती."

"आणि खुणांपर्यंत तुम्ही—"

"चालत गेलो. चौघं. परतही आलो." ते म्हणाले. "आज पुढचा पट्टा घ्यायचा होता. माणसं बूट बांधतायत." फोन बाजूला धरून ते मोठ्याने कुणाला तरी थांबा म्हणाले. दोनदा म्हणाले. मग मला, "मॅडम, लाइन मोकळी ठेवा. कालचा पट्टा आधी हाताने बघतो."

मी तिथेच बसून राहिले. शेजारून कंपन्यांच्या बसेस जात होत्या. ऑफिसमधून फोन आले, मी कापले. कुणीतरी काचेवर टकटक करून गाडी पुढे घ्या म्हणालं, मी हात जोडले. मला वाटत होतं की फोन येणार आणि कुणीतरी दुसराच बोलणार, मेजर नाहीत म्हणून सांगणार. तो आवाजसुद्धा मी मनात ठरवून ठेवला होता. देवाचं नाव घ्यायला गेले तर आठवेना. तुमचं आठवलं. तुम्ही डोंगरात असताना काकू अशाच बसत असतील का, इतकी वर्षं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

एक वाजायच्या सुमाराला फोन आला. मेजरच होते.

"मिळाला. कालच्याच पट्ट्यात. जुना आहे, वर गवत चांगलं टरारलंय. माझ्या बुटाचा कालचा ठसा आणि तो, मध्ये एक वीत."

 स्टिअरिंगवर मी माझा हात पसरला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बघत राहिले. एवढं. कुणाच्या तरी घरी आदल्या रात्री दिवा नीट लागला तो एवढ्यामुळे. मला रडू आलं ते तेव्हा, सुभेदारसाहेब. तुमच्यासाठी म्हणून आलं की माझ्यासाठी, ते वेगळं करता येत नाही.

"हे तुमच्या कसं लक्षात आलं?" मेजरांनी विचारलं.

"माझ्या नाही आलं," मी म्हटलं. आणि मी तुमच्याबद्दल सांगितलं. पावसाआधी पुरलेले तीन डबे, मुळ्या, मी लिहिलेला शेरा. मेणाबद्दल मी काय बोलले तेही. तुमचं नाव मी पूर्ण घेतलं, हुद्द्यासकट.

"सुरुंगांवर काम केलेले?"

"हो. उभी नोकरी."

"वाटलंच." त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. "द्या त्यांना फोन. माझी माणसं इथे उभी आहेत, त्यांना रामराम करायचाय."

"ते नाहीयेत," मी म्हटलं. "वारले."

"अरे. कधी?"

"सतरा दिवस झाले."

 पलीकडे ते हलक्या आवाजात तारखा मोजत होते.

"गाडी तर त्यानंतर निघाली," ते म्हणाले. "म्हणजे ती निघाली तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"त्याच्याही आधी," मी म्हटलं. "गेल्या दिवाळीपासून."

 त्यांनी फोन ठेवला नाही. मी कानाला लावून बसले, ते जे काही म्हणतील ते ऐकायला.